अजायबघरातली रांगोळी

आमच्या बुधवाऱ्यातल्या घरी उंबऱ्याबाहेरची रांगोळी वहिनी काढायची, आणि ती बघून माझा नुसता जीव जळायचा. बिचारी कमळ काढायला जायची आणि होऊन बसायचा भोपळा. मी आतल्या दारात उभी राहून बघायची आणि माझे हात शिवशिवायचे. पण मला रांगोळीच्या डब्याला शिवायची बंदी होती. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आतच नवरा गेला, पाठोपाठ डोक्यावरचे केस गेले, अंगावर लाल आलवण आलं आणि मी माहेरी परत आले ती कायमचीच.

खरं सांगते, नवऱ्याचा चेहरा मला धड आठवतही नव्हता. लोक येऊन त्याच्या नावानं गळे काढायचे, मीही त्यांच्याबरोबर काढायची. रांगोळीसाठी मात्र मी एकटीनं रडले. हे तेव्हा बोलून दाखवलं असतं तर जिभेला डागच दिला असता मेल्यांनी.

लहानपणी गल्लीतल्या बायका लग्नामुंजीला मला हाताला धरून न्यायच्या. "पोरीच्या बोटात काय आहे की देव जाणे," म्हणायच्या. तीच बोटं, त्याच बायका, पण आता माझ्या हातची रांगोळी अशुभ. आणि स्वयंपाक चालतो बरं का! कुरड्या, पापड, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सगळं माझ्या हातचं गोड लागायचं. चिमूटभर दगडाचं पीठ तेवढं चालत नव्हतं.

माझा थोरला भाऊ, दादा, शाळेत मास्तर होता आणि गावात सुधारक म्हणून मिरवायचा. स्त्रियांच्या उन्नतीवर तो इतकं छान बोलायचा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. घरी आला की पगडी खुंटीला आणि उन्नतीही खुंटीला. तरी माझी त्याच्यावर माया होती. मला परत आणायला सासरी तोच आला होता, आणि येताना सबंध वाटभर माझ्याकडे बघायचं टाळत होता.

शनवाऱ्याच्या बाजूला तेव्हा एक अजायबघर होतं. फुटक्या मूर्ती, गंजलेल्या तलवारी आणि तापीतून धरलेली, पेंढा भरलेली एक सुसर, असा तो थाट. उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की तिथं प्रदर्शन भरायचं. जरीचे ताणे, केळीचे घड, कापसाची बोंडं, शाळेतल्या मुलांची चित्रं, काय वाटेल ते मांडायचे. दारांना वाळ्याचे ओले पडदे लावायचे, त्यामुळे निम्मं गाव तर थंडाव्यासाठीच यायचं. एक दिवस फक्त बायकांचा असायचा. त्या दिवशी पुरुषांना आत मज्जाव.

दादा प्रदर्शनाच्या कमिटीत होता. एका वर्षी खांडव्याहून साहेबाची मडम उद्घाटनाला येणार असं ठरलं आणि कमिटीच्या डोक्यात आलं की मधल्या दालनात भली मोठी रांगोळी हवी. पण काढणार कोण? घरंदाज बायका म्हणाल्या, परक्या पुरुषांच्या दालनात फतकल मारून बसायला आम्ही काय रस्त्यावर पडलोय? दादाची पंचाईत झाली. मी मागच्या अंगणात तांदूळ निवडत होते, तिथं येऊन तो उभा राहिला.

"अगं, तू काढ रांगोळी."

मला वाटलं, माझी थट्टाच करतोय. म्हटलं, "दादा, उन्हात फिरून आलायस, पाणी पी आधी."

"थट्टा नाही गं. ती जागा घर नाही, देऊळ नाही, मांडव नाही. अजायबघर आहे ते. तिथं कसलं शुभ आणि कसलं अशुभ? तिथं ती रांगोळी नव्हेच मुळी, कला आहे."

मी सूप खाली ठेवलं. हे इतकं सोपं होतं आणि मला कधी सुचलं नव्हतं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. वेडीच होते मी.

सगळी तयारी मीच केली. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून हळदीकुंकवाला मी हात लावला नाही. पिवळ्यासाठी पिवडी घेतली, लालसाठी विटकर कुटून वस्त्रगाळ केली. हिरवा रंग इतवाऱ्यातून आणवला. जरीसारखं चमकायला अभ्रकाची पूड. दादा म्हणाला होता, गावच्या धंद्याचं काहीतरी काढ. मी ठरवलं, शालू काढायचा. जमिनीवर अंथरल्यासारखा, पदर उलगडलेला, जरीच्या मोरांचा.

पहाटे पडदा लावलेल्या टांग्यातून दादा मला आणि वहिनीला तिथं सोडायचा. चौकीदार दार उघडून बाहेर बसायचा. वाऱ्यानं पीठ उडेल म्हणून पंखा बंद, पडदे पाडलेले, आणि बाहेर वैशाख. घामाचा थेंब रांगोळीवर पडू नये म्हणून वहिनी माझं कपाळ सारखं टिपत होती. वहिनी वाईट नव्हती हो. भित्री होती. मी मोरांच्या ओळी भरत आणल्या तेव्हा तिचा हात थांबला.

"वन्सं, हा तर तुमचा शालू."

माझाच होता. माझ्या लग्नातला. मी माहेरी परत आले त्या दिवशी आईनं तो माझ्या पेटीतून काढून वहिनीच्या पेटीत ठेवला होता. वहिनी सणावाराला नेसायची आणि मी तिच्या निऱ्या धरायची. मी म्हटलं, "असू दे. रंग द्या इकडे." ती डोळे पुसत रंग देत राहिली.

काम संपलं तेव्हा मला उठवेना. पाय मुंग्यांनी भरले होते, पाठीचा पिळा झाला होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्या सुसरीकडे बघून हसले. आपल्या हातांनी केलेलं एवढं मोठं, एवढं देखणं काही आयुष्यात पुन्हा बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

दादा आला, त्यानं बघितलं, "वा!" म्हणाला, आणि खिशातून एक चिठ्ठी काढून काठाशी ठेवली. तिच्यावर वहिनीचं नाव होतं. सौभाग्यवती अमुक, शिक्षकपत्नी.

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "नावापुरतं गं. लोकांच्या तोंडाला कशाला लागायचं? काम तुझं आहे हे आपल्याला ठाऊक आहेच ना?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गिळली. म्हटलं, नाव गेलं तर जाऊ दे, रांगोळी तर आहे. सगळं गिळायची सवय होती तेव्हा.

मडम आली आणि गेली. खरं कापड समजून तिनं उचलायला हात पुढे केला आणि कमिटीतले सगळे एकदम ओरडले, असं वहिनीनं घरी येऊन सांगितलं. गावात दुसरा विषय नव्हता. लोक रांगोळी बघायला पुन्हा पुन्हा जात होते, आणि वहिनी रस्त्यानं जाताना मान खाली घालून चालत होती.

मग बायकांचा दिवस आला. त्या वर्षी कुणीतरी टूम काढली की त्याच दालनात हळदीकुंकूही करायचं. मी जायचा हट्ट धरला. दादा नाही म्हणत होता, पण पन्हं करायला माणूस हवंच होतं. बाजूच्या खोलीत मोठं पातेलं मांडून मी कैऱ्यांचा गर कालवत बसले आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिले. बायका रांगोळीभोवती वाकून वाकून बघत होत्या. मला तेवढंच हवं होतं. देवाशपथ, त्यापलीकडे काही नको होतं.

तेवढ्यात कुणाचं तरी पोर पळत आलं आणि शालूच्या कोपऱ्यावरून घसरलं. एक मोर सबंध पुसला गेला. हाय हाय झालं. आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाई म्हणाल्या, "होतं असं, कशाला रडता? मास्तरीणबाई, रंग इथंच ठेवलेत, भरून टाका की. आम्हालाही तुमचा हात चालताना बघू दे."

वहिनी उभीच. सगळ्यांनी तिला पुढे ढकललं. तिनं चिमूट भरली, वाकली, आणि पहिल्याच रेघेला पीठ भसकन सांडलं. पुन्हा चिमूट, पुन्हा गोळा. मोराचाही भोपळाच झाला. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. वहिनीनं पडद्याकडे बघितलं. अशा डोळ्यांनी बघितलं की माझ्यानं बसवेना.

मी हात धुतले, कोरडे केले आणि बाहेर आले. वाकले, सांडलेलं पीठ फुंकून बाजूला केलं आणि मोर भरून दिला. मान, तुरा, पिसारा. कितीसा वेळ लागणार! मी मान वर केली. बायका माझ्या बोटांकडे बघत होत्या, मग डोक्याकडे.

"म्हणजे हे सगळं हिनं काढलंय?" वकिलीणबाई म्हणाल्या. "आणि त्याच्या काठाशी बसून आम्ही कुंकू लावून घेतलं? अगं बाई गं! लेकीसुना घेऊन आलोय आम्ही!"

एकच कल्लोळ झाला. कुणी पोरींना मागे ओढलं, कुणी कपाळावरचं कुंकू पुसून पुन्हा लावायला निघाली. मी म्हटलं, "कुंकवाला मी शिवलेसुद्धा नाही. ही विटकर आहे. आणि दादा म्हणालाय, इथं ही कला आहे." माझं कोण ऐकतंय! वकिलीणबाईंनी ओसरीवर बसलेल्या दादाला बोलावणं धाडलं.

पुरुषांना आत यायची बंदी, म्हणून तो पडद्याबाहेर उभा राहिला. मला वाटलं, आता बोलेल. सभेत बोलतो त्याच्या पाव हिश्शानं बोलला असता तरी पुरे होतं. वाळ्याच्या पडद्यातून पाणी ठिबकत होतं आणि पलीकडून दादाचा आवाज आला.

"मला याची काडीचीही कल्पना नव्हती. तिनं हट्टानं केलेलं दिसतंय हे, घरच्यांना भरीला घालून. बिचारीचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. मी सगळ्यांची क्षमा मागतो. आत्ताच्या आत्ता पुसून घ्या."

डोकं ठिकाणावर नसतं! चांगल्या चार बायकांपुढे!

मी वहिनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. बायकांनी तिच्याच हातात केरसुणी दिली, कारण तिला शुद्ध करून घ्यायचं होतं ना. तिनं पदराकडून सुरुवात केली. माझे मोर एकेक करून ढिगात गेले. अभ्रक उडाला आणि सगळ्यांच्या पावलांना चिकटला. मग गोमूत्र शिंपडलं, नवं कुंकू आणलं, हळदीकुंकू पहिल्यापासून झालं. आणि माझ्या हातचं पन्हं त्याच बायकांनी दोन दोन पेले रिचवलं. "कैऱ्या छान उकडल्यात हो," असंही कुणीतरी म्हणालं.

घरी आल्यावर मी दादाला धरलं. "तूच म्हणाला होतास ना?"

"हळू बोल. कमिटीत तोंड दाखवायचंय मला. तुझं काय, तू घरात असतेस."

"मी वेडी आहे का रे?"

त्यानं पगडी खुंटीला लावली. जेवायला बसला. मीच वाढलं त्याला. वाढायचं काम माझंच होतं. पण त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. वर्षभर कामापुरते शब्द. राखीपौर्णिमा गेली, भाऊबीज गेली. भाऊबीजेला मला ओवाळायचा हक्क नव्हताच, तेव्हा त्याला फरकही पडला नसेल. मी मनाशी शपथ घेतली होती, पुन्हा त्या अजायबघराचं तोंड बघायचं नाही. दादाच्या तोंडावर कधी काय बोलायचं, ते सगळं मी पीठ दळताना जुळवून ठेवलं होतं. असं बोलणार होते की त्याला जन्मभर झोप लागू नये.

पुढचा उन्हाळा आला. दादा मागच्या अंगणात येऊन उभा राहिला, तसाच. म्हणाला, "मडम पुन्हा येतेय. तिनं मागच्या वर्षीच्या रांगोळीची खास आठवण काढून विचारलंय. लोकांना सांगितलंय की तुझ्या वहिनीनं वर्षभर हात बसवलाय. लोकही हो म्हणतात, कुणाला वाकड्यात शिरायचंय? तू पहाटे काढायचीस आणि उजाडायच्या आत घरी यायचंस. बायकांच्या दिवशी यायचं नाही. बघ बाई, जमतंय का."

जुळवून ठेवलेलं सगळं ओठांवर आलं. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती रिकामी फरशी आली, गेरूनं सारवल्यासारखी लाल, गुळगुळीत, आणि वरचा पंखा बंद. हाताची बोटं आपोआप चिमटीत आली. माझी मलाच इतकी चीड आली की वाटलं, ती बोटं पाट्यावर ठेवून ठेचावीत.

मी विचारलं, "हिरवा रंग आणवलायस का?"