शिरीषचं "बघतो"

शिरीषला नाही म्हणता येत नाही. परदेशातल्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या मराठी मंडळींना हे पाठ आहे. गणपतीच्या सजावटीला येशील का, म्हटलं की तो "बघतो" म्हणतो आणि विचारणारा मुकाट दुसरा माणूस शोधतो. याच्या "बघतो"ला नकार समजावं आणि सुखी राहावं, असं त्याची बायको यामिनीच सांगते. आपल्यात हे चालून जातं. मन कुणाचं मोडत नाही, कामाचं काय व्हायचं ते होवो.

पॅरामॅटाच्या ऑफिसात तो पंपांची डिझाइनं करतो. तिथेच रेकॉर्ड सांभाळणारी एस्थर आफ्रिकेतल्या मलावीची. तिचा भाऊ तिकडे एका खेड्यात पास्टर. चर्चच्या शाळेत बोअर होती, पण पंप कधीचाच बंद. पाणी लांबच्या नदीवरून, आणि ते आणायचं मुलींनीच. सातवीपर्यंत निम्म्या मुली शाळेतून गळायच्या. मार्चमध्ये एस्थरने बोअरची मोजमापं, फोटो, सगळं आणून दिलं आणि सोलर पंपाचं डिझाइन करून देशील का, विचारलं. शिरीषच्या मनात आलं, "बघतो". तोंडातून निघालं, "नो वरीज, आय विल सी टू इट." इंग्रजीत गेल्यावर त्याचं वचन झालं.

कागद ड्रॉवरमध्ये गेले. एस्थरने पुन्हा विषय काढला नाही, तेव्हा शिरीषला वाटलं, समजली असेल. तिच्या मते मात्र जाणत्या माणसाने शब्द दिला की परत विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी तिने त्याला आपल्या चर्चच्या हॉलवर बोलावलं. तिथे सगळ्यांना गावचा व्हिडिओ दाखवला. टाकीसाठी विटांचा चौथरा बांधून तयार होता. विटा बायकांनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. जूनमध्ये एक संस्था हातपंप बसवून द्यायला आली, तर गावाने तिला शेजारच्या गावाकडे पाठवलं. आमचा इंजिनियर आहे, हा पंप शेजाऱ्यांना द्या, म्हणाले. पास्टरची सातवीतली मुलगी दरम्यान शाळा सोडून नदीला जाऊ लागली होती. मग अख्खा हॉल डोळे मिटून उभा राहिला आणि शिरीषचं नाव घेऊन देवाचे आभार मानू लागला.

एस्थरला बाहेर नेऊन शिरीष म्हणाला, "मी ते कागद उघडूनसुद्धा पाहिले नाहीत."

"हे मी नाही सांगणार. तू सांग," म्हणत तिने भावाला फोन लावून त्याच्या हातात दिला.

शिरीषने सगळं सांगितलं. पलीकडून पास्टर शांतपणे म्हणाला, "उद्या चर्चमध्ये सांगेन, की समजण्यात माझीच चूक झाली. तुझं नाव नाही घेणार. बायका रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतात, ती थांबायला नको."

नाव माझंच घ्या, एवढंच म्हणायचं होतं. शिरीष म्हणाला, "थँक यू."

डिझाइन त्याने त्याच आठवड्यात पाठवलं. दोन संध्याकाळचं काम निघालं. पण ते "थँक यू" म्हणताना आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे त्याने अजून यामिनीलाही सांगितलेलं नाही. आणि तिकडे त्या बायका अजून त्याच्यासाठी प्रार्थना करतात.