आतोबांचे तीन थर

जगाचा सगळा कारभार तीन थरांवर चालतो अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबांनी तरुणपण मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत घालवलं आणि उतारवयात ते आलापल्लीला, समुद्र कुणी स्वप्नातही न पाहिलेल्या सागवानाच्या जंगलात, आरागिरणीचं इंजिन सांभाळायला आले. माणूस बोटीवरून उतरला, पण बोट काही त्यांच्यावरून उतरली नाही. समोर कुणीही बसलं, मोहफुलं विकायला आलेली बाई असो की जंगलखात्याचा साहेब, की ते सुरू करत, "वरून कप्तान सांगते, किती जोरानं जायचं. मंधात गव्हर्नर, तो जोर सांभाळते. अन् गव्हर्नर बिघडला तं खाली माणूस हात लावते. सगळं बंद पडलं तरी हात राह्यते." मग उजवा तळवा पुढे करत. धुक्यात एकदा इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा हा गव्हर्नर निकामी झाला तेव्हा तापलेली झडप त्यांनी हातानं धरून ठेवली होती, त्याचा पोळल्याचा डाग तिथे होता. मोहफुलांवाली तो डाग दर आठवड्याला नव्यानं पाही आणि दर आठवड्याला हळहळे.

ही व्यवस्था त्यांनी घरातही आणली होती. ओसरीवरच्या खुर्चीत कप्तान, म्हणजे ते स्वतः. स्वयंपाकघर म्हणजे इंजिनखोली, तिथे आत्या. दोघांमध्ये दोऱ्या आणि दोन घंटा. आतोबांनी दोरी ओढली की चुलीजवळची घंटा वाजायची. आत्यानं तिकडून दोरी ओढली की ओसरीवरची. बोटीवर वरून आलेला हुकूम खालच्यानं तसाच परत कळवायचा असतो, म्हणून जबाबाची घंटा वाजल्याशिवाय हुकूम दिला असं ते धरतच नसत. आत्या याबाबतीत पक्की होती. ती तत्काळ जबाब देई आणि चहा आपल्या सवडीनं आणी. मी एकदा म्हटलं, आत्या, चहाचं काय झालं? तर म्हणाली, "जबाब देल्ला ना? मंग चहा येईनच." आणि खरंच, जबाब आला की आतोबांची अर्धी तहान भागलेली असे. मधला थर म्हणून त्यांनी अंगणातल्या टाक्यात रिकामा तुपाचा डबा तरंगत सोडला होता. पाणी खाली गेलं की डबा खाली जाई आणि त्याला बांधलेल्या दोरीनं कुंपणावरची फडकी खाली येई. ती पाहून गडी पाणी भरायला धावे. एका सकाळी वानरांच्या टोळीला त्या दोरीचा शोध लागला. गडी बिचारा भरतोय, वानर ओढतंय, टाकं वाहून अंगणात चिखल झाला, तरी आतोबांना वानराचा राग नाही. यंत्रणा बरोबर होती, कप्तान तेवढा चुकीचा बसला होता, एवढंच त्यांचं म्हणणं.

जबाबाचं एवढं वेड कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं होतं. ते गंमत करतील असं वाटलं होतं, पण ते खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणाले, "वरून काई दिसत नाई, बाबू. जबाब आला म्हणजे खाली माणूस जिता आहे."

पुढे नोकरीपायी माझं तिकडे जाणं तुटलं. बऱ्याच वर्षांनी गेलो तेव्हा दोघंही पिकली होती. मागच्या दारानं शिरलो आणि आत्याला हाक मारली. ती पाठमोरी भाकरी थापत होती, वळली नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. मग तिनं पिठाचे हात पुसले आणि शांतपणे दोरी ओढली. चुलीजवळची घंटा तर वाजलेलीच नव्हती. मी ओसरीवर आलो तेव्हा आतोबा खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, दोरी आपली लोंबतेय. हुकूम दिलाच नव्हता आणि जबाब येऊन पोचला होता.

मी काही विचारायच्या आतच ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिले आयकू येत नाई आता. घंटा हुकली तं मले घोर लागन म्हणून अंदाजानंच ओढत राह्यते. मले मालूम आहे हे तिले सांगू नको." मग काठी घेऊन उठले. ज्या माणसानं कप्तानानं इंजिनखोलीत पाय ठेवू नये हा कायदा जन्मभर पाळला, चहासाठी कधी खुर्ची सोडली नाही, तो भिंत धरत स्वयंपाकघराकडे निघाला. जाताजाता माझ्याकडे वळून म्हणाला, "जबाब आला नं. आता हुकूम तं द्यावाच लागन."

मी दारात उभा राहून पाहिलं. ते आत्याच्या समोर जाऊन उभे राहिले, तो पोळलेला तळवा तिच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं कप तोंडाला लावल्याची खूण केली. आत्या त्यांच्यावरच खेकसली, "आयकलं ना मी. जबाब देल्ला नाई का?"

"देल्ला, देल्ला," आतोबा मान डोलावत म्हणाले, आणि तिथेच चुलीजवळ पाट ओढून बसले. त्या दुपारी आत्यानं आणखी किती वेळा दोरी ओढली कोण जाणे. प्रत्येक वेळी ते उठले, आणि प्रत्येक वेळी आम्ही चहा प्यालो. मला चहा सोसत नाही, पण त्या दिवशी एकाही कपाला नको म्हणायला माझी जीभ वळली नाही.