उशाखालचा हिरा

मिरजेहून भिलाईला निघाले तेव्हा माझी धाकटी बहीण वसू आणि तिचा मुलगा चिन्मय यांच्यात आठवडाभर अबोला होता. कारण म्हणजे साखरपुड्याची अंगठी. वसूला होणाऱ्या सुनेसाठी खाणीतलाच हिरा हवा होता. सून, म्हणजे पूर्वा, लॅबमध्ये तयार केलेला मागत होती आणि चिन्मय अर्थातच तिच्या बाजूने. "ताई, आता तूच ये आन निकाल लाव," वसू फोनवर म्हणाली. निकाल लावायची मला मुळातच हौस, त्यामुळे बॅग भरायला वेळ लागला नाही.

नागपूर मागे पडलं, गोंदिया गेलं आणि खिडकीबाहेर जंगल सुरू झालं. मग डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ दिसलं, गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पुढे सपाट भातखाचरं आणि दर गावाला एक तरिया (तळं), त्यात डुंबणाऱ्या म्हशी. इतकं निवांत पाणी आमच्याकडे नाही, आमची कृष्णा सदा घाईत.

दुर्गला चिन्मय घ्यायला येणार होता. मी म्हटलं, नको, मला काय रस्ता कळत नाही? रिक्षाने भिलाईला आले आणि तोंडावर पडले. तिथल्या पोलाद प्लांटचे क्वार्टर सगळे सारखे. तेच फाटक, तोच आंबा, तोच ओटा. एक फाटक उघडून आत शिरले, चपला काढल्या आणि "वसू, आधी चहा टाक," असं फर्मान सोडलं. आतून एक अनोळखी बाई आल्या. जराही न गडबडता त्यांनी पाणी पुढे केलं.

"वसुधा दीदी के यहाँ? वो पीछे वाली लाइन में. चाय पी के जाइए."

मी चहा पिऊनच गेले. चहाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

रात्री जेवायला वसूने फरा केला होता (तांदळाच्या पिठाचे लांबट वळून वाफवलेले तुकडे, वर राई-तिळाची फोडणी). तीस वर्षं इथे राहून माझी बहीण बोलण्यात सासरच्यांसारखी नागपूरची आणि स्वयंपाकात छत्तीसगडची झाली आहे. मिरजेची म्हणून फक्त हट्टात उरली आहे.

"मले एकच सून येनार हाय, ताई," ती वाढता वाढता म्हणाली. "लोक म्हनतीन, पोरीले कारखान्यातला हिरा देल्ला."

तिचे यजमान सुधाकरराव प्लांटमध्ये नोकरीला. ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी बी तं जन्मभर कारखान्यातच हावो. माह्यावर घर चाललं ना?"

"तुमी जेवा," वसू म्हणाली. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हुडको वसाहतीतल्या सराफाकडे गेलो. पूर्वाही आली. खुर्सीपार भागातल्या एका शाळेत ती शिकवते. शिडशिडीत, कमी बोलणारी, हसू आलं की मान खाली घालणारी. मला पाहताक्षणी आवडली, पण पंचाने असं आधीच सांगायचं नसतं. शेठजींनी दोन अंगठ्या पुढे ठेवल्या. मी चष्मा पुसला, दोन्ही उजेडात धरल्या आणि ठासून सांगितलं, "हा खाणीतला. तेज बघा की याचं!"

"बहनजी, वो लैब वाला है," शेठजी अदबीने म्हणाले. "आँख से हमको भी नहीं दिखता, मशीन बताती है."

पूर्वाने मान खाली घातली. चिन्मय तर उघडच हसला. वसू मात्र हार मानणारी नव्हती. "दिसन्याचं सोड, ताई. हिरा लाभला पायजे," ती म्हणाली. हिरा सगळ्यांनाच लाभत नाही, म्हणून घ्यायच्या आधी तो एक रात्र उशाखाली ठेवून पाहायचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. जुन्या गिऱ्हाइकाला शेठजीही तशी मुभा देतात. वसूने खाणीतल्या हिऱ्याची अंगठी पांढऱ्या रुमालात बांधून पूर्वाच्या हातात दिली.

"वाईट सपन पडलं तं तू म्हनते तोच घेऊ. पन लाभला तं हाच. कबूल?"

"हाव, काकू," पूर्वा म्हणाली.

वसू शेठजींशी बोलत मागे राहिली आणि आम्ही तिघं गुपचुपच्या (पाणीपुरीला इथे हेच म्हणतात) गाडीपाशी उभे राहिलो.

"सिंपल है यार," चिन्मय तिला म्हणाला. "सकाळी साप दिसला म्हनजो. बात ख़तम."

"काळा कुत्रा सांगितलास तरी चालेल," मीही म्हणाले. निकाल लावायला आलेली बाई फितूर झाली ती अशी. पूर्वाने आणखी एक तिखट गुपचुप मागितली.

सकाळी वसू तव्यावर चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) घालत होती, तेव्हा शाळेत जाता जाता पूर्वा आली. रुमाल तिने ओट्यावर ठेवला.

"काकू, नींद एकदम मस्त आली. सपन बी चांगलंच पडलं." चिन्मयने कपाळाला हात लावला. "लाभला असंन मले. तरी बी मले हा नको."

वसूचा हात थांबला. "कावून?"

"बाबा खाणीत होते ना, लोहखनिजाच्या. शिफ्टवरून येत नाही तोवर आई जेवत नव्हती. आमी दोघी बहिणी बी मग तशाच दारात बसून राहू. आता बाबा घरी असते, पन खाण म्हटलं का मले ते दारच दिसते. लोखंडाबिना कोनाचं चालत नाही, काकू. हिऱ्याबिना चालते."

"हे पयले कावून नाही सांगतलं?"

"कोनी विचारलंच नाही."

खरंच होतं ते. आठवडाभर सगळे तिच्यासाठी भांडत होते आणि तिला कारण विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा.

चीला करपायला लागला. वसूने तो उलटलाही नाही. "वाईट सपन पडलं म्हनली असती," ती हळूच म्हणाली, "तं तुह्या मनासारखं झालं असतं."

"झालं असतं. पन मग घरात काई बी झालं, कोनी आजारी पडलं, तरी तुमाले वाटलं असतं का सुनेले हिरा लाभला नव्हता. तुमी जन्मभर भेल्या असत्या, काकू."

वसूने पिठाच्या हातांनीच तिला जवळ ओढलं. शाळेच्या साडीवर पाच पांढरी बोटं उमटली. मग डोळे पुसत ती चिन्मयवर ओरडली, "बसला काय? गाडी काढ! शेठजीले अंगठी वापस कराची हाय." इतक्या दिवसांनंतर तिने मुलाशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

परतीच्या गाडीत वसूने दिलेला डबा उघडला आणि खिडकीशी बसून राहिले. निकाल मी काहीच लावला नाही. उलट पोरीला खोटं बोलायला शिकवून आले. तिने माझं ऐकलं नाही, हे किती बरं झालं! तीस वर्षांपूर्वी वसूला परक्या मुलुखात पाठवताना, तिथे तिची काळजी कोण करेल, हाच विचार माझ्या मनात होता. आता तिच्या भीतीचीही काळजी करणारं माणूस त्या घरात येतंय, एवढं डोळ्यांनी पाहिलं आणि मिरजेपर्यंत निवांत झोपले.