दारातला दांडा आणि माझी थाप

मी फौजदार होता होता राहिलो, असं आमच्या घरात गेली तीस वर्षं सांगितलं जातं. सांगणारा अर्थात मीच. लेखी परीक्षा पास झालो होतो, धावलोही बरा, पण मैदानात वशिल्याची पोरं आत घेतली आणि आपल्याला कुणी वाली नव्हता, असा तो किस्सा आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा तो होणाऱ्या सासऱ्यांना सांगितला, मग बायकोला, मग शाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या शिक्षकाला. मी शाळेत क्लार्क आहे. रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस काहीही ऐकून घेतो.

खरं असं आहे की मैदानात उंच लोखंडी दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची होती, आणि माझी हनुवटी एकदाच वर गेली. दुसऱ्या वेळी अर्ध्यातच मी वाळत घातलेल्या पायजम्यासारखा लटकत राहिलो. हवालदारानं शिट्टी वाजवली. कुणाचा वशिला होता की नव्हता, मला माहीत नाही. मला बाहेर काढायला त्याची गरज पडली नाही. परत येताना परळीच्या स्टेशनवर चहा पिता पिता मी ही गोष्ट रचली, आणि एसटी आमच्या गावाला, दिंद्रुडला पोचेपर्यंत ती मलाच पटली होती.

एवढी थाप खपून गेली असती. पण गेल्या वर्षी माझी मुलगी पोलीस भरतीच्या मैदानातून नापास होऊन आली. गोळाफेकीत तिचे मार्क गेले. बॅग ओट्यावर टाकून ती म्हणाली, "पप्पा, तुमच्यावानीच झालं. ज्यांचं आधी ठरलेलं असतंय त्यांनाच घेतेत. आपण उगं पळायलोत."

आणि मी मान हलवली. "असंच असतंय बाई," म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते.

तिच्या अकॅडमीतल्या सरांचं म्हणणं वेगळं होतं. पोरीच्या खांद्यात आणि पाठीत जोर नाही, घरी पुलअप्सचा दांडा लावा, रोज लोंबकळू द्या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. ते बायकोनं लक्षात ठेवलं. "पुढच्या भरतीचा फॉर्म सुटायच्या आत दांडा लागला पायजे," ती म्हणाली. मुलगी म्हणाली, "मला फॉर्मच भरायचा न्हाई." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलकडं बघितलं आणि दांडे शोधायला लागलो.

घाई करायची नाही, पोरीच्या जीवाचा प्रश्न आहे, असं मी जाहीर केलं. प्रश्न माझ्या अब्रूचा होता. दांडा घरात आला की कुणीतरी म्हणणार, पप्पा, तुम्ही करून दाखवा की. म्हणून सुरक्षिततेच्या नावाखाली मी तीन महिने काढले.

दांडे तीन तऱ्हेचे निघाले. पहिला चौकटीवर नुसता अडकवायचा. व्हिडिओतल्या परदेशी माणसाच्या दारावर चांगली जाड लाकडी पट्टी भिंतीच्या बाहेर आलेली होती, तिच्यावर तो दांडा टेकला होता. आमच्या चौकटी गिलाव्याशी सपाट. वर बाहेर आलेलं काय, तर तोरणाचे दोन खिळे. दुसरा पिळून लांब करायचा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी चौकटीला दाबून बसतो. तिसरा स्क्रूनं कायमचा ठोकायचा. कायमचा हा शब्द वाचून मी मोबाईल खिशात ठेवला.

मग टेप घेऊन घरातली सगळी दारं मोजली. आतल्या चौकटी सिमेंटच्या. स्क्रू मारला काय नि दांडा पिळून दाबला काय, कोपरा निघणार. सागवानी चौकट एकच, पुढच्या दाराची. हे सगळं मी वहीत आकृत्या काढून बायकोला समजावलं. "पुढच्या दारात पोरगी लोंबकळणार का? गल्लीतून माणसं जातेत," म्हणालो. वाटलं, मिटलं.

"ती पहाटं गल्लीतूनच पळायची, तवा न्हाई दिसली माणसं?" बायको म्हणाली.

शेवटी दुसऱ्या तऱ्हेचा मागवला. माझ्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार पेलतो, असं खोक्यावर छापलं होतं. मी तो पुढच्या दारात पिळून बसवला आणि दोराला बांधून पेंडीचं पोतं लटकवलं. पोतं तासभर लटकलं. मी समाधानानं वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना, आपल्याला आता तरी जमतंय का बघावं म्हणून मी स्वतः लटकलो. पोतं निवांत लटकतं, माणूस पाय झाडतो, हा फरक खोक्यावर छापलेला नव्हता. शिवाय दिवाळीत मीच चौकटीला पॉलिश मारून ती गुळगुळीत केली होती. दांडा एका बाजूनं खाली सरकला आणि मी माकडहाडासकट उंबऱ्यावर आलो.

समोरच्या काकू गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. "काय वो सर, तोरण बांधायलात का?"

"हो," मी बसल्या बसल्या म्हणालो. थाप मारायची इतकी सवय झालेली.

मग सुतार मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दांडा हातात फिरवून बघितला. "सर, नुसत्या दाबून बसणाऱ्या वस्तूवर भरवसा ठिवू नगा," म्हणाले, आणि दोन्ही टोकांना लोखंडी वाट्या लावून लांब स्क्रू चौकटीतून पार भिंतीत घातले. स्वतः लटकून, चांगले हिसके देऊन बघितलं. खाली गादी टाका, सुरुवातीला स्टुलावर पाय टेकून अर्धंच वजन सोडा, दर आठवड्याला स्क्रू आवळून बघा, हेही सांगितलं. मी तीन महिन्यांत जमवलं नव्हतं तेवढं ज्ञान त्यांनी चहा गार व्हायच्या आत दिलं. जाताना म्हणाले, "लटका की सर. तुमी तर फौजदार व्हणार व्हते."

"खांदा दुखतोय," मी म्हणालो.

दांडा असा पक्का बसला की त्याच्यात खोट काढायला जागा उरली नाही. मुलीनं मात्र त्याला चार दिवस हात लावला नाही. बायको त्याच्यावर टॉवेल वाळत घालायची. पाचवा दिवस फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी बायको कणीक मळता मळता तिला म्हणाली, "भर की गं." मुलगी म्हणाली, "आई, पप्पांना लेखीत पास होऊनबी काढून टाकलं. माझं काय नवीन व्हणार हाय?"

मी उठलो. टॉवेल काढले, खाली गादी सरकवली आणि दांडा धरला. "मोज," म्हणालो. कोपरं जरा वाकली. कानशिलं तापली, पाय हवेत सायकल चालवायला लागले, हनुवटी होती तिथंच राहिली. मी गादीवर आलो.

"जाऊ द्या पप्पा, वय झालंय आता," मुलगी म्हणाली.

आयतं कारण मिळालं होतं. मी ते जवळपास घेतलंच होतं. "तवा बावीस वर्षांचा होतो," मी म्हणालो. "तवा एकच मारला. वशिल्याचं सगळं मी रचलेलं हाय. मला जमलं नव्हतं."

बायको परातीतून मान वर न करता म्हणाली, "मला लग्नाच्या वर्षीच कळलं व्हतं. विहिरीतून बादली वढताना बघितलं तवाच."

मुलगी हसली नाही. "म्हंजे गोळ्यात माझे मार्क गेले ते माझ्यामुळंच?"

"व्हय," मी म्हणालो. "ते टेप लावून मोजतेत."

ती म्हणाली, "मी नापास होऊन आले त्याच दिवशी हे मला सांगायला काय झालतं? चार महिने मी बसून घालवले, पप्पा."

माझी शोभा झाली असती, एवढंच कारण होतं, आणि ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. "सरका," ती म्हणाली. मी गादीवरून उठलो. तिनं दांडा धरला आणि लटकली. तिनं तो लवकर सोडला नाही. मग आत जाऊन फॉर्म भरला. पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.