अर्धी पांढरी कबर

ईस्टरच्या आदल्या दिवशी छावणीतल्या कबरस्तानात भिजलेल्या चुन्याचा उग्र, गार वास भरून असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळी तिथंच प्रार्थनेला जमतात, म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या माणसांच्या कबरी पांढऱ्या करून ठेवायच्या. यंदाही बादलीत कुंचला बुडवला आणि त्या वासासरशी आई आणि मावशी डोळ्यांपुढं आल्या, आजोबांच्या कबरीच्या दोन टोकांना बसलेल्या. आई डोक्याकडून रंगवत यायची, मावशी पायांकडून. मध्यावर कुंचले भिडले की दोघी लहान मुलींसारख्या हसायच्या.

तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. जे पाहिलं-ऐकलं होतं त्यानं माणसं आतून हललेली होती. अशात एक उपदेशक तंबू घेऊन आला. कापडावर रंगवलेली श्वापदं दाखवत त्यानं बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून प्रभूच्या पुन्हा येण्याचं आणि मेलेली माणसं उठण्याचं वर्षच काढून दिलं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब कळकळीनं सांगत, ते पुस्तक छळानं पिचलेल्यांना धीर द्यायला लिहिलंय, पंचांगासारखं उघडायला नाही. पण भेदरलेल्या माणसाला धीरापेक्षा तारीख हवी असते. मावशी तंबूत जाऊ लागली.

त्या ईस्टरला आईनं कुंचला पुढं केला, तर मावशी म्हणाली, "बाबा उठणारच हायेत आता. चुना कशाला?"

"उठतील की. पर कधी, ते आपल्याला सांगितलं नाय, अक्का. तवर हात चालू ठेवावा."

"तू मागं राहशील," मावशी म्हणाली आणि निघून गेली.

आईनं आपली अर्धी बाजू रंगवली आणि थांबली. उरलेली मी करते म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. अक्काचा वाटा हाय तो."

ते वर्ष आलं आणि गेलं. उपदेशकानं दुसरं काढून दिलं. मावशी त्या लोकांबरोबर चितेगावला राहिली. पुढं पुढं तिला श्रद्धेपेक्षा शरमेनंच अडवलं असावं, असं मला वाटतं. चितेगाव काही सातासमुद्रापलीकडं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं आजोबांची कबर अर्धी पांढरी, अर्धी काळपट राहिली. लोक विचारत, आई हसून टाळायची. त्या हसण्याचा मला राग यायचा, अजून येतो.

आई गेली, त्यानंतरच्या ईस्टरला मावशी आली. पार वाकली होती. आजोबांच्या पायांशी बसली आणि आपली बाजू रंगवत मध्यापर्यंत आली. पलीकडं आईचा गेल्या वर्षीचा चुना पावसानं फिका पडला होता. हातात कुंचला धरून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. आईची बाजू रंगवायला मी पुढं झाले.

"तू नको," ती म्हणाली. "तिला येऊ दे."

आता मावशीही आईच्या शेजारीच आहे. आजोबांची कबर मी एकटी रंगवते, आधी डोक्याकडून, मग पायांकडून. प्रभू येईल यावर माझा विश्वास आहे, आणि त्या दोघी तेव्हा भेटतील यावरही. पण चितेगावहून सकाळच्या एस.टी.नं येता आलं असतं, हे काही केल्या मनातून जात नाही.