पोळ्याच्या दाव्यात जावई

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला रानडुक्कर मारायची हुक्की आली. मी जालन्यातल्या कचेरीतला कारकून. माझ्या हातून तोवर ढेकणांपलीकडे काही मेलेलं नव्हतं. पण आष्टीकडे सासऱ्यांच्या शेतात डुकरं भुईमूग उकरून खात, सासऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि ते माझ्याशी पाऊसपाण्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. एक डुक्कर पाडलं की आपण या घरात माणसात येऊ, असं मला मनापासून वाटत होतं.

आडवे आले माझे साडू. हे अंबडला कोर्टात नोकरीला. आदल्या वर्षी ते याच शेताच्या बांधावरच्या चिंचेवर बंदूक घेऊन बसले, बसल्या बसल्या पेंगले आणि खाली आले. खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पारावर जो तो सासऱ्यांना विचारी, यंदा कोणता जावई पाडता? लोकांनी ते हसण्यावारी नेलं, सासऱ्यांनी जिवाला लावून घेतलं. मी बंदुकीचा विषय काढताच ते म्हणाले, "आधी झाडाला बांधून घ्यायचा पट्टा दाखवा. त्यात नीट बसून दाखवा. मंग बंदूक."

मी काही कच्चा नव्हतो. आमच्या शेजारी विजेच्या खांबावर चढणारे एक गृहस्थ राहत. त्यांचा जुना कातडी पट्टा मी मागून आणला आणि एसटीत मांडीवर असा ठेवला की लोकांनी विचारावं. कुणी विचारलं नाही, तेव्हा मीच कंडक्टरला सांगितलं. सासऱ्यांनी पट्टा उलटसुलट केला, वास घेतला आणि त्यात ज्वारीचं भरलेलं पोतं बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगलं. आम्ही चहा प्यायला बसलो. कपबशी खाली ठेवायच्या आत बक्कल तुटलं आणि पोतं दणकन खाली आलं.

"हे पोतं तुम्ही असता," सासरे म्हणाले, आणि बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं पुढं केलं. लेकरांच्या झोळ्या त्याच्याच केल्या होत्या, मऊ होतं, रुंद होतं, कुठं काचलं नसतं. आज विचाराल तर तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं. पण सासूच्या लुगड्यात लटकलेला जावई ही बातमी अंबडला पोचायला एक एसटी पुरली असती. मी नको म्हणालो. मग सासऱ्यांनी गोठ्यातली जुनी दावी एकेक करून ताणली, अंगठ्यानं घासली, आतून कुजलेली म्हणून बाजूला फेकली. शेवटी उरलं ते पोळ्यासाठी त्यांनी स्वतः वळलेलं अंबाडीचं नवंकोरं, लांबलचक दावं. पोळा दुसऱ्याच दिवशी होता.

सासूबाई म्हणाल्या, बैलाचं आहे ते, उद्या त्याच्या गळ्यात पडायचंय. सासरे म्हणाले, संध्याकाळपर्यंत परत येईल. आणि माझ्याकडे वळून मोठ्या अभिमानानं म्हणाले, "ह्यातून माझा बैल सुटत न्हाई जावईबापू, तुम्ही कसे सुटता?"

दुपारी मी चिंचेवर चढलो. बुडाखाली रिकाम्या पोत्याची घडी, मांड्यांखालून आणि कमरेभोवती दावं, मग तेच खोडाला वेढा घालून. सासरे मागोमाग वर आले. गाठ त्यांनी स्वतः मारली, बैलाला मारतात तशी, गुडघा टेकवून. उरलेलं टोक खाली सोडलं. मी हात सोडले, पाय सोडले, जरा डुललो. बिलकुल पडलो नाही. सासरे खाली उतरून चक्क हसले.

तेवढ्यात पावसाची भुरभुर आली. पाचदहा मिनिटांची असेल. पण कोरी अंबाडी भिजली की फुगते आणि आवळते. एरवी सासरे नवं दावं भिजवून, ताणून, वाळवूनच वापरत; फक्त पोळ्याचं दावं बैलाच्या गळ्यात पडायच्या आधी पाण्यात घालायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. गाठीचा दगड झाला. सासऱ्यांनी पुन्हा वर येऊन खिळा लावला, दात लावले. मी म्हणालो, विळ्यानं कापा. ते म्हणाले, बैलानं घालायच्या आधी पोळ्याचं दावं कापत नसतात. माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या आणि सासरा खाली उतरून मान घालून उभा होता. मला रडूच यायचं बाकी होतं.

मार्ग काढला सासूबाईंनी. त्या दिवशी बैलांची खांदेमळण. हळद आणि लोणी घेऊन त्या गोठ्याकडे निघाल्या होत्या, त्या बैलच चिंचेखाली घेऊन आल्या. खाली लोंबणारं टोक त्यांनी बैलाच्या गळ्याभोवती घेतलं. आता एका दाव्याला खाली बैल, वर जावई. त्यांनी बैलाचा खांदा चोळला, कुंकू लावलं, ओवाळलं आणि रिवाजाप्रमाणे म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मग वर बघून पदर सावरत म्हणाल्या, "तुम्हीबी या."

बैलानं घातलं, आता कापायला हरकत नव्हती. सासरे विळा घेऊन वर आले. एका हातानं त्यांनी मला छातीशी धरलं आणि दुसऱ्यानं कापायला लागले. ते एवढंच म्हणाले, "दावं मी दुसरं वळीन." मी पण त्यांना घट्ट धरलं. मला ते त्या क्षणी फार आवडले.

बैलाला त्या पोळ्यात जुनंच दावं मिळालं. माझी बातमी लुगड्याशिवायच अंबडला पोचली.

पुढच्या वर्षी पोळ्याला आम्ही एसटीतून उतरून शेताच्या वाटेनं निघालो. लांबून चिंचेला काहीतरी मोठं लोंबताना दिसलं. बायको आधी घाबरली, मग हसायला लागली. धोतर खोचून, डोक्याला रुमाल बांधून, नव्या दाव्यात सासरे स्वतः लटकले होते आणि फांदीला हिसके देत होते. बुडाखाली पोत्याऐवजी सासूबाईंच्या लुगड्याची घडी होती. मी खाली जाऊन उभा राहिलो.

"हे बैलाचं न्हाई, भिजवून वाळवलंय," वरून सासरे म्हणाले. "सकाळधरनं बसून राह्यलो, बराबर हाय. या आता."

मी वर चढलो. त्यांनी सरकून मला फांदीवर जागा दिली. जेवायला हाका येईपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून बोलत होतो आणि बंदुकीची आठवण दोघांनाही झाली नाही.