वाढदिवसाचा टी-शर्ट

टी-शर्ट छापायची लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी, रंग ओढायची रबरी पट्टी आणि अक्षरांचं वळण, सगळं माझ्या हातचं आहे, मंडळी. शिकवलं कुणी नाही.

आमच्याकडे शाळेत वाढदिवसाला गणवेश माफ असतो. म्हणून पुतणी श्रावणीने माझ्याकडून टी-शर्टवर छापून घेतलं, ‘मुलींच्या संडासाला कडी लावा.’

"काका, अक्षरं मोठी काढा. सरांना लांबचं दिसत न्हाई."

आज मुख्याध्यापक सरांना दिसलं. तिला व्हरांड्यात बसवलं.

दुपारी डबा घेऊन गेलो. ढगांच्या सावल्या डोंगर उतरून मैदानात येत होत्या. वाऱ्याने तिच्या अंगावरची अक्षरं पाण्यात असल्यासारखी हलत होती. वाटलं, समोरचा डोंगर ती सावकाश वाचतोय.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. "शब्दांवर फुलांची नक्षी छापून आणा, पोरगी लगेच वर्गात."

मी श्रावणीकडे पाहिलं.

"फुलांनी दार बंद व्हतं का, काका?"

ती शाळा सुटेपर्यंत बाहेरच बसली. मी शेजारी बसलो.

तुम्ही काय केलं असतं? सर पुढे म्हणाले होते, नक्षी छापलीत तर स्नेहसंमेलनाचे सगळे टी-शर्ट तुमचेच, अठरा हजारांचं काम. मी नको म्हणालो.